सत्तावीस गुणिले एकवीस

"हात पुढे कर," विश्वनाथ मुलाला म्हणाले.

अंशुमनने निमूट हात पुढे केला. त्यांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरली. "सेहेचाळीस सेंटिमीटर. देविका, लिही."

सुनेने लिहिलं. नोएडातल्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तिचा जीव टांगणीला लागला होता. तीन वर्षांपूर्वी अंशुमनने तिला न विचारता राहतं घर विकलं, पैसे शेअर्समध्ये घातले आणि बुडवून मोकळा झाला. तेव्हापासून तिघं भाड्याच्या घरात. आता हे घर तिच्या पगारावर जमत होतं, तर सासऱ्यांनी आय बघायचं काढलं होतं.

आय म्हणजे जुना हिशेब. घराची लांबी-रुंदी मालकाच्या हाताने मोजायची. शेवटी उरलेलं माप अर्ध्या हाताच्या वर गेलं तर पुढचा हात धरायचा, खाली राहिलं तर सोडायचं. मग गुणाकार करून आठाने भागायचं. बाकी विषम उरली तर घर लाभतं, एरवी नाही. शून्याला कावळा, साताला हत्ती, अशी प्रत्येक बाकीला नावंही ठरलेली. तीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेल्या माणसाला हे आत्ताच कुठून सुचलं, देव जाणे.

"अंकलजी, चार बजे दूसरी पार्टी आ रही है," एजंट साकेत दारातून म्हणाला.

"आने दो." विश्वनाथांनी कागद गुडघ्यावर घेतला. "अकरा मीटर चार सेंटिमीटर, म्हणजे चोवीस हात. आठ मीटर अठ्ठावीस, अठरा हात. चारशे बत्तीस. बाकी शून्य."

"शून्य म्हणजे?" अंशुमनने विचारलं.

"कावळा. तुझ्या नावावर हे घर टिकायचं नाही."

"मग सोडूया, यार," अंशुमन लगेच म्हणाला. पैसे बुडाल्यापासून त्याच्या बोटांत तीन अंगठ्या आल्या होत्या.

देविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचंच. "बाबा, सहा महिने घरं बघतेय मी. तुम्हाला आजच मोडता घालायचा होता?"

"रडू नकोस. तुझा हात दे."

एक्केचाळीस भरला. विश्वनाथांनी कागदावर आकडे मांडले. "सत्तावीस गुणिले एकवीस. पाचशे सदुसष्ट. बाकी सात. हत्ती. याच्यावर काही नाही."

"म्हणजे दोघांच्या नावावर..." अंशुमनने सुरुवात केली.

"तिच्या एकटीच्या. तुझं नाव घातलंस की तुझा कावळा आलाच."

अंशुमनने अंगठ्या चाचपल्या. "चलो, ठीक आहे."

पंधरा दिवसांत देविकाच्या नावाने रजिस्ट्री झाली आणि महिन्याभरात ते राहायलाही आले.

एका रविवारी फाईल लावताना तिला तो कागद सापडला. गंमत म्हणून तिने मोबाईलवर हिशेब करून पाहिला. लांबी बरोबर होती, सत्तावीस. रुंदी मात्र वीस हात आणि वर थोडंसं. अर्ध्याहून कितीतरी कमी. म्हणजे वीसच, एकवीस नाही. सत्तावीस विसे पाचशे चाळीस. बाकी चार.

तिने पुन्हा केला. पुन्हा चारच.

अंशुमनला कळलं तर तो उद्याच गिऱ्हाईक घेऊन येईल, आणि सही कर म्हणून मागे लागेल. कागद फाडून टाकावा असं तिला क्षणभर वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाला फसवणं तिच्याने होईना.

विश्वनाथ बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होते. अंशुमन दूध आणायला खाली गेला होता.

"बाबा, तुमच्याकडून एक हात जास्त धरला गेला," ती हळूच म्हणाली. "माझ्या हाताने चार उरतात. सम."

"माहीत आहे."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली.

"अंशुमनचा हात अठ्ठेचाळीस भरला होता," ते म्हणाले. "हत्ती खरं तर त्याचाच होता."