एकही खाडा नाही

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा प्रेशर मोजलं आणि दंडावरचा पट्टा सोडता सोडता कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळ्या वेळेवर घेताय ना आजी?"

"हिला विचारा," आईने शेजारी बसलेल्या लेकीकडे बोट दाखवलं. "माझा हजेरीपट हिच्याकडे असतो."

लेकीने फोन पुढे केला. आईच्या घरात तिने एक बोलका स्पीकर बसवला होता. तो सकाळ-संध्याकाळ आठ वाजता गोळ्यांची आठवण करून द्यायचा. आई "घेतल्या" म्हणाली, की सात तासांच्या अंतरावर राहणाऱ्या लेकीच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. चार महिन्यांच्या हिरव्या खुणा होत्या. एकही खाडा नाही.

"शाबास!" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे औषधच कमी पडतंय. अजून वाढवू या."

गेल्या दोन महिन्यांतही त्यांनी औषध वाढवलं होतं. आता एवढा पुरावा डोळ्यांसमोर असल्यावर ते तरी बिचारे दुसरं काय करणार?

तर हा स्पीकर काही लाडाने आलेला नव्हता. चार महिन्यांपूर्वी आई जिन्यात चक्कर येऊन पडली आणि लेक थेट वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आली. आई चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. मशीन खिडकीशी, गिऱ्हाईक दारात, आणि हे सगळं सोडून सहा पलंगांच्या खोलीत जाऊन छताकडे बघत पडायचं?

"मेले तरी जाणार नाही," आई म्हणाली.

खूप रडारड झाली, दोघींचीही. शेवटी तोडगा निघाला तो या स्पीकरचा.

"पण एक जरी खाडा पडला, तर मुकाट्याने निघायचं. कबूल?"

"कबूल."

आईने स्पीकरचं नाव ठेवलं चोंबडी. नको तिथे नाक खुपसते म्हणून. पण खरं सांगायचं तर चोंबडीचा उपयोग फार झाला. आईच्या टेपवरचे इंचांचे आकडे झिजून गेले होते, तर ती विचारायची, "चोंबडे, एकशे सात सेंटिमीटरचे इंच किती गं?" हात कापडात गुंतलेले असले तरी नुसतं बोलून दिवा लावता यायचा, लेकीला फोन लावता यायचा. संध्याकाळी घरात कुणाचा तरी आवाज असायचा, हे तर होतंच.

सुरुवातीला पंधरा दिवस आईने गोळ्यांवरून भुणभुण लावली. "गरगरतं गं यांनी. सुईत दोरा जात नाही. दोन ब्लाउज उसवले काल."

"होईल सवय," लेक म्हणायची.

आणि खरंच, पुढे तक्रार बंद झाली. फोनवर बोलताना मागे मशीनची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली.

"झाली ना सवय? मी म्हटलं नव्हतं?"

"तुझं आपलं खरं असतं बाई," आई म्हणाली.

दवाखान्यातून परत आल्यावर लेकीने मुक्काम करायचं ठरवलं. जेवणं लवकर आटोपली. मग तिने पर्समधून तो घडी घातलेला फॉर्म काढला आणि आईच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला.

"झालं समाधान? तू शब्द पाळलास, आता मी पाळते. इथेच राहा."

आई उठून जवळ आली. तिने लेकीचे दोन्ही हात धरून ठेवले. लेकीलाही भरून आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण काहीतरी बरोबर केलं.

आठ वाजले. "रात्रीच्या गोळ्या घेतल्या का?" चोंबडीने विचारलं.

"घेतल्या गं बाई," आई लगेच म्हणाली.

"अगं, अजून पाकिटातून काढल्यासुद्धा नाहीत!" लेक हसायला लागली.

"आधी सांगून टाकते. म्हणजे तिचं तोंड बंद होतं. घेईन मग सावकाश."

"सावकाश नाही आणि काही नाही. आज माझ्या हाताने देणार." लेकीने नवीन चिठ्ठी बघून गोळ्या काढल्या. पाच झाल्या. एका हाताच्या तळव्यावर गोळ्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "लहानपणी तू मला नाक दाबून औषध पाजायचीस, आठवतं? आ कर."

आई गोळ्यांकडे बघत राहिली. मग खिडकीशी असलेल्या मशीनकडे, मग जमिनीवर पडलेल्या फॉर्मच्या कपट्यांकडे.

"पोरी…"

"काय?"

"काही नाही. गुणाची आहेस."

आईने आ केला. पाचही गोळ्या गिळल्या, वर पेलाभर पाणी प्यायली.

सकाळी लेक उठली तेव्हा आई न्हाणीघराच्या दारात पडलेली होती. अंग गार पडलं होतं. डॉक्टर धावत आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"उठताना प्रेशर एकदम खाली गेलं असणार," ते म्हणाले. पुन्हा पुन्हा लेकीच्या फोनवरच्या खुणा बघत होते. "पण असं व्हायला नको होतं हो. हीच औषधं त्या चार महिने घेत होत्या. मी थोडीशीच तर वाढवली."

"मीच दिल्या," लेक रडत म्हणाली. "शेवटच्या गोळ्या माझ्या हातून घेतल्या तिने. तेवढंच समाधान."

दुपारी माणसं न्यायला येणार होती. आईच्या अंगावर शेवटचं घालायला लेकीने कपाटातून तिचा निळा झगा काढला, आईनेच शिवलेला. गळ्याचं एक बटण तुटलं होतं. आई जन्मभर दुसऱ्यांची बटणं लावत आली, तिला असं कसं पाठवायचं? लेकीने डोळे पुसले, मशीनचा खण ओढला आणि बटणांचा डबा उघडला.

आतल्या सगळ्या कप्प्यांत गोळ्या होत्या, काठोकाठ, पांढऱ्या वेगळ्या, गुलाबी वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या.