सायकलला भीती शिकवताना

वेल्ह्याच्या डोंगराखालच्या त्या कारखान्यात नवी सायकल कुणालाही तशीच देत नसत. आधी चालवणाऱ्याच्या घरच्या माणसाने तिच्या हँडलच्या मुठी धरायच्या. त्याच्या हातातली भीती सायकल शिकायची आणि अवघड उतारावर आपणहून ब्रेक लावायची. शिकली की हँडलवरचा दिवा लाल व्हायचा.

सून केतकीला घेऊन तिच्या सायकलीसाठी आलेल्या तानूबाईंनी मुठी धरल्या, पण दिवा लागेना.

"मावशी, जरा घाबरा की," फोरमन सलीम म्हणाला.

"नवऱ्याला कधी घाबरले नाही, तुझ्या लोखंडाला घाबरू?"

"मग सायकल मिळायची नाही. परवा शर्यत आहे सूनबाईंची."

"राहू द्या आत्या, मी बिनभीतीच्या सायकलवरच पळते," म्हणत केतकीने कोपऱ्यातली जुनी सायकल काढली आणि समोरच्या उतारावर सुसाट सोडली. वळणावर ती दिसेनाशी झाली.

तानूबाईंच्या हातातल्या सायकलीने दोन्ही चाकं करकचून आवळली. दिवा लालभडक झाला.

"शिकली! सोडा आता, मावशी."

"गप बस, मेल्या," तानूबाईंची नजर वळणावरून हटेना. "ती खाली पोचली का ते बघ आधी."