मालक गैरहजर

“तुमच्याकडे पाच मिनिटं आहेत,” अपील समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि उल्काने टेबलाखालून बाबांच्या गुडघ्यात बोट खुपसलं. अर्थ स्पष्ट होता. मी बोलणार. तुम्ही गप्प.

बर्नाबीच्या घरून इथवर चार तास गाडीत तिने त्यांच्याकडून हेच घोकून घेतलं होतं. आधी पत्र, मग फोटो, मग थँक यू. संपलं. शाळेच्या डिबेट टीममध्ये ती काही उगाच नव्हती.

पत्र दोन ओळींचं होतं. डोंगरातल्या त्यांच्या पाच एकरांना यंदापासून वणवा-प्रतिबंधक शुल्क लागू. कारण : मालक गैरहजर, जमीन दुर्लक्षित. आई म्हणाली होती, “भरून टाका हो, महिन्याच्या ग्रोसरीएवढं तर आहे.” पण बाबांना शुल्काचं काही नव्हतंच. “गैरहजर म्हणे! दर शनिवारी पहाटे तीनला उठून तिथे जातं ते कोण, माझं भूत?” हे वाक्य घरात तीन महिने रोज ऐकू येत होतं. अगदी दात घासतानासुद्धा.

उल्काने फोटो मांडले. “हे गेल्या ऑक्टोबरमधले. आणि हे या एप्रिलमधले.”

एप्रिलच्या फोटोंत कुंपणापर्यंत सुकी काडी नव्हती. जमीन काळीभोर. प्रत्येक पाइनच्या बुंध्याभोवती खरवडलेला गोल.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. “फारच स्वच्छ. कोणता कॉन्ट्रॅक्टर?”

हा प्रश्न तयारीत नव्हता.

“माझे वडील स्वतःच सगळं…” उल्का सुरू झाली.

“मीच,” बाबा म्हणाले आणि चक्क उभे राहिले. “जाळलं.”

कोपऱ्यात बसलेल्या फायर ऑफिसरचं पेन थांबलं.

“म्हणजे त्यांना म्हणायचंय, कापलं,” उल्का घाईघाईने म्हणाली. “कापून, रेक करून…”

“छे! कापून काय होतं? खुंट राहतात. जाळलं. आमच्या चिपळूणकडे भाजावळ म्हणतात. माझे वडील दर वर्षी करायचे.” एकदा चिपळूण आलं की बाबा थांबत नाहीत. “आधी कडेने पट्टा खरवडायचा. दव असताना, वारा पडलेला असताना सुरू करायचं. वाऱ्याच्या उलट पेटवायचं, म्हणजे आग हळू येते, अशी…” आणि ते समितीच्या समोर कमरेत वाकून, हातात नसलेलं ओलं पोतं जमिनीवर आपटू लागले.

“बाबा, बसा ना!” उल्का मराठीत खेकसली. “तुमचीच भाजावळ होणारे आता!”

“परमिट होतं?” ऑफिसरने विचारलं.

“परमिट कसलं? माझी जमीन, माझं गवत.”

उल्काने डोळे मिटले. डिबेटमध्ये आपल्याच टीमचा माणूस असं काही बोलला, तर निदान पाण्याची बाटली पाडून लक्ष वळवता येतं. इथे बाटलीही नव्हती.

ऑफिसर उठून टेबलाजवळ आला. वयाने फार मोठा नव्हता, पण दमलेला दिसत होता. “सर, तुमच्या खालच्या उतारावर सतरा घरं आहेत. वारा फिरला असता तर?”

बाबा सरळ उभे राहिले. हात खाली आले.

“म्हणून तर हललो नाही तिथून,” ते म्हणाले. “आदल्या रात्रीच येऊन गाडीत झोपलो, पहाटे पाचला काडी लावली. साडेआठला शेवटची ज्वाळा विझली. मग दुपारपर्यंत राखेवर हात ठेवत फिरलो. कुठे गरम लागलं की पाणी. डबासुद्धा उभ्यानेच खाल्ला.”

ऑफिसरने सगळं लिहून घेतलं.

मग तिघा सदस्यांनी डोकी जवळ आणली. निकाल दोन मिनिटांत आला. जमीन राखलेली आहे हे सिद्ध झालं, तेव्हा अपील मंजूर, शुल्क माफ. आणि विनापरवाना आग लावल्याबद्दल दंड. शुल्काच्या तिप्पट. ऑफिसरने कागद तिथेच भरून बाबांच्या हातात दिला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये येईपर्यंत उल्काने कसाबसा दम धरला.

“तिप्पट, बाबा! थ्री टाइम्स! आपण जिंकलो होतो! नुसतं ‘मी कापलं’ म्हणायचं होतं! किंवा काहीच नाही! काहीच न बोलणं इतकं कठीण आहे का? आईला काय सांगू मी?”

“हळू गं. ऑफिस आहे.”

बाबा दंडाचा कागद एखाद्या लग्नपत्रिकेसारखा दोन्ही हातांत धरून वाचत होते. वाचता वाचता त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“हे वाच.”

“वाचलं मी. दंड आहे तो.”

“त्याच्याखाली. पेनाने लिहिलंय ते.”

उल्काने वाचलं. ऑफिसरचं अक्षर तिरकं होतं, पण लागत होतं. आग लावल्यापासून पूर्ण विझेपर्यंत मालक स्वतः जागेवर हजर.

ती मान वर करेपर्यंत बाबा काउंटरपाशी पोचलेसुद्धा होते.

“एक्स्क्यूज मी,” ते तिथल्या बाईंना अगदी अदबीने विचारत होते, “याची एक कलर कॉपी मिळेल का?”