घरचा दुधी

"तोडलास की आधी एक चकती चाखायची. कडू लागली, तर विष समजून, कितीही जीव तुटला तरी फेकून द्यायचा," तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी वेल चढवतानाच बजावलं होतं.

ती हसली होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलेली बाई ती. लेक वरचं खायला लागल्यापासून बाजारची भाजी तीनतीनदा मिठाच्या पाण्यात धुणारी. बाल्कनीतला दुधी मात्र तिचा स्वतःचा. बी बाजारच्याच एका जून दुधीतलं, राखेत घोळून वाळवलेलं. कुंडी म्हणजे तळाला चीर गेलेली बादली. खत म्हणजे भाज्यांची सालं नि चहाचा चोथा. वेल चढला तो मावशींनी दिलेल्या कापडाच्या काठांवरून. पदरचं काही घालायला लागलं नाही, आणि औषधाचा फवारा तर नावालाही नाही.

"घरच्या दुधीत विष कुठनं येणार, मावशी?"

सगळी फुलं गळून एकच दुधी धरला. मध्ये लेक तापाने फणफणली. ते चार दिवस ऐन उन्हाचे, आणि बादलीत पाण्याचा थेंब पडला नाही. वेलाने मान टाकली, पण दुधी तगला.

आज सकाळी तिने तो तोडला. वीतभर तर होता. पहिलं फळ आपणच खाऊन मोकळं होऊ नये, म्हणून अर्धा मावशींना नेऊन दिला.

"चाखलास ना गं?"

"हो तर."

एवढ्याशा दुधीची चकती चाखण्यात कुठे घालवायची? खोटं नखाएवढं होतं. जिना चढेपर्यंत ती ते विसरलीही.

दुपारी तिने उकडून मऊ केलेला पहिला घास लेकीला भरवला. लेकीने तो तसाच बाहेर ढकलला.

"थू नाही करायचं! आईने लावलाय ना?"

दुसऱ्या चमच्याला पोरीने ओठ घट्ट मिटले आणि भोकाड पसरलं. मग सगळ्या आया करतात तेच तिने केलं. चमचा स्वतःच्या तोंडात रिकामा केला.

जीभ आक्रसली. कारल्याचा कडूपणा निदान ओळखीचा असतो. हा घशाला नख लावत होता. ती बेसिनकडे धावली, थुंकली, पुन्हापुन्हा थुंकली. लेकीचं तोंड बोट घालून धुतलं. लाळेऱ्यावर पहिला घास जसाच्या तसा पडला होता. तिने तो दोनदा निरखला. पोरीच्या पोटात काही गेलं नव्हतं.

मग तिला खाली दिलेला अर्धा दुधी आठवला. मागच्या आजारपणापासून मावशींची चव गेली होती. "मीठ काय नि साखर काय, मला दोघी सवती सारख्याच," असं त्या हसून सांगायच्या.

लेकीला कडेवर घेऊन ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. मावशी मशीनवर होत्या, दातात दोरा.

"मावशी, दुधी खाल्लात?"

"मी कशाला खाऊ बाई? मला ना चव ना ढव. कालचा भात होता, तो संपवला." त्यांनी दोरा तोडला. "सगळ्याचं सूप केलं नि रस्त्यापलीकडच्या मास्तरांना देऊन आले आत्ताच. एकटा जीव. म्हटलं, ज्याची जीभ जागेवर आहे त्याच्या मुखी लागू दे."

ती उंबऱ्यातच टेकली.

"मावशी, तो कडू आहे. मी चाखला नव्हता."

मशीनचं चाक थांबलं. मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उकळल्यावर जातो का हो कडूपणा?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"नाही जात." मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. एकला दहा मिनिटं कमी होती. "एकच्या ठोक्याला पानावर बसतात ते."

"फोन करते."

"ऐकू येत नाही त्यांना फोन."

"पण कडू लागलं तर एका घोटात ठेवतील ना बाजूला?"

"ते? बायकोने जन्मभर करपलेलं वाढलं, कधी चकार शब्द काढला नाही. गेल्या महिन्यात माझ्याकडून भाजीत मीठ दोनदा पडलं. डबा धुऊनपुसून परत आला, आत चिठ्ठी. 'झकास.'" मावशींनी हात पुढे केले. "पोर दे इकडे. माझे गुडघे वेळेत नाही पोहोचायचे. तू पळ."

ती अनवाणीच पळाली. गल्ली संपली, मोठा रस्ता आला. सिग्नल नुकताच सुटला होता आणि ट्रकांची माळ संपता संपेना. ती फुटपाथच्या कडेला उभी राहून हात हलवत होती, कुणी थांबत नव्हतं.

तुम्ही रस्त्याच्या त्या बाजूला असाल, तर कोपऱ्यावरचं हिरवं दार मास्तरांचं. कडी वाजवू नका, दारावर मूठ हाणा. सूप कसं झालंय विचारलंत तर फार छान म्हणतील. त्यांचं ऐकू नका. वाटी पुढ्यातून ओढून घ्या.