मावशींची पिशवी

लांबच्या प्रवासासाठी हौसेने घेतलेलं, बाइकच्या सीटवर बांधायचं कुशन सकाळी लॉजच्या खोलीत सापडेना, तशी त्याने झाडलोट करणाऱ्या मावशींना धारेवर धरलं. "त्याच्याशिवाय तासाभरात माझ्या बुडाची पार वाट लागते, कळतंय का?"

"बघा दादा, नीट बघा," म्हणत मावशींनी आपली पिशवी सगळ्यांसमोर पलंगावर रिकामी केली. डबा, कंगवा, चष्म्याचं घर. तरीही मॅनेजरने त्यांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगून टाकलं.

तो तणतणतच खाली आला आणि दव पडेल म्हणून आदल्या संध्याकाळी सीटवर चढवलेलं कव्हर न काढताच निघाला.

 

दोनशे किलोमीटर झाले तरी बूड दुखेना, तेव्हा गाडी बाजूला घेऊन तो उतरला; पण ते कव्हर उचलायला त्याचा हात पुढे होईना.