बोर्डावरचं नाव

भगवानरावाची काठी दुसऱ्यांदा त्याच गुडघ्यावर बसली आणि डोमाजी भिंतीला घसरत खाली आले. ओरडले नाहीत. समोर पोरगी दीपा लॅपटॉप उघडून बसली होती, म्हणून त्यांनी ओठ दातांत धरला. ओठातून रक्त आलं.

"आता काढशीन का बोर्ड, का दुसरा गुडघाही पायजे?" भगवानरावाने तिला विचारलं.

दीपा घरबसल्या झटका मशीनचे सर्किट बोर्ड काढायची. सॉफ्टवेअरमध्ये तांब्याच्या रेषा आखायच्या, फाईल पाठवायची आणि छापून आलेल्या बोर्डावर सुटे भाग जोडायचे. तिचं मशीन शेताच्या तारेत सेकंदाला एक झटका सोडून थांबायचं. त्या थांब्यात रानडुक्कर मागे उडी मारतं आणि माणसाचा हात सुटतो. डुक्कर पळतं, मरत नाही. भगवानरावाचं दुखणं नेमकं तेच होतं.

"ते मधात थांबते कायले? सलग करंट पायजे मले. लाईनीचा."

"काका, त्यानं माणूस मरते," दीपा म्हणाली. "गावच्या बाया तुमच्याच धुऱ्यानं, तारेले लागूनच कापूस वेचाले जातात. माही माय आत्ता तिकडंच गेली."

"तारेले हात लावाले कोण सांगतलं त्याहिले?"

"मंग लाईनीची तार सरळच जोडा ना. माहा बोर्ड कायले पायजे?"

भगवानराव हसला. "सरळ जोडली तर केस माह्यावर. डब्बा असला का मशीन बिघडली म्हणता येते. आन् मशीन कोणाची, तं डोम्याची पोरगी बनवते."

डोम्या त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे होते. या गावात ते कुणी मनावर घेत नसे.

भगवानरावाचा पुतण्या रजत दीपाच्या मागे उभा होता. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं तोंड पडद्यावर आपटलं. नाकातून धार लागली, ती कीबोर्डवर पडली. दीपाने बाहीने नाक पुसलं, मग कीबोर्ड पुसला. काठी पुन्हा वर गेलेली तिला दिसली.

"काढतो," ती म्हणाली. "बाबाले मारू नका."

तिने थांबा देणारा भाग निवडला आणि पुसून टाकला. त्याच्या रेषाही पुसल्या. उरलेल्या रेषा एकमेकींजवळ ओढल्या. लगेच पडद्यावर ठिकठिकाणी लाल बाण उभे राहिले.

"हे काय हाय?"

"चुका दाखवून राह्यलं. इथं अंतर कमी हाय, इथं धोका हाय म्हणते."

"त्यालेही समजावू का?" भगवानरावाने काठी टेबलावर ठोकली. बाण हलले नाहीत. सॉफ्टवेअरला गुडघा नव्हता, तेव्हा त्याला खरं बोलायला काय जातं!

दीपाने एकेक बाण बंद केला. शेवटी बोर्डाच्या कोपऱ्यात थोडी मोकळी जागा राहिली.

"इथं नाव छापावं लागते," ती म्हणाली. "पांढऱ्या अक्षरात. माह्या सगळ्या बोर्डांवर असते."

"टाक, टाक. ते तं आधी टाक," भगवानराव खुशीत म्हणाला. मारून मारून त्याचा घसा कोरडा पडला होता. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, पण या घरात पाणी मागायला त्याची जीभ रेटेना. तो दारात जाऊन थुंकला. रजत त्याची पाठमोरी आकृती पाहत राहिला. दीपा तेवढ्यात भराभर अक्षरं टाकत गेली.

रजतचं लक्ष परत पडद्यावर आलं. त्याने वाचलं आणि हातातली वेणी सोडली.

"काका," तो म्हणाला. "तुमचं नाव हाय इथं."

"माहं कायले?"

भगवानराव आत येऊन वाकला. ओळ लांब होती. ओठ हलवत त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"पूस."

"पुसतो," दीपा म्हणाली. "पयले थांबा परत टाकतो, मंग पुसतो."

"पूस म्हणतो ना!"

"सलग करंट पायजे तं नावासकट न्या."

ज्याला बायांच्या मरणाचं काही वाटलं नव्हतं, त्याला त्या एका ओळीचं वाटलं. त्याने काठी दोन्ही हातांनी उचलून लॅपटॉपवर घातली. पडदा फुटला. दुसऱ्या फटक्यात बिजागरी तुटली. दीपाने हात मधे घातला होता, तिसरा फटका त्याच्यावर बसला. हाडाचा आवाज घरभर ऐकू आला.

"चला काका," रजत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने काकाला दंडाला धरून बाहेर ओढत नेलं.

दीपा मोडलेला हात पोटाशी धरून बापाजवळ सरकली. डोमाजींचा गुडघा सुजून दुप्पट झाला होता. दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी तिचाच दुपट्टा घेऊन तिचं नाक पुसलं.

"काय लिवलं होतं वो पोरी?"

तिने मोडक्या लॅपटॉपकडे पाहिलं. तिथे आता काहीच नव्हतं.

"हा बोर्ड भगवानराव नरवाडे याने श्री. डोमाजी सखाराम मुनेश्वर यांचा गुडघा फोडून काढून घेतला."

दुपट्टा धरलेला डोमाजींचा हात थांबला.

"श्री लिवलं होतं?"

"हो बाबा."

"भगवानरावानं वाचलं ते?"

"पुरं वाचलं."

डोमाजींनी भिंतीला डोकं टेकलं. दुखणं आता चढत होतं.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

आणि दीपाने त्या काळ्या, फुटक्या पडद्याकडे पाहत पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.