कुल्फीतले दोन चमचे

गोदावरीबाईंनी एक कुल्फी खाल्ली, तर श्रावणीला अमरावती मिळणार होती. सौदा इतका सरळ होता. उद्या तिथं माहेरी तिच्या भावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि आज एकादशी. सासूबाई एकादशीला दिवसभर पाण्यावर राहत. मागच्या खेपेला अकोल्याच्या उन्हात त्यांना चक्कर आली आणि दुसरा अख्खा दिवस घराने त्यांच्या पलंगाभोवती काढला. पुन्हा तसंच झालं, तर साक्षगंध फोनवर पाहायचं.

साबुदाणा त्यांना जड पडतो, भगरीचा वास येतो. पण आंब्याला त्या नाही म्हणत नाहीत, हे श्रावणीने वर्षभरात हेरून ठेवलं होतं. म्हणून तिने कालच दूध आटवलं, साय फेटून घातली, चार आंब्यांचा रस मिसळला आणि स्टीलच्या पेल्यांत काड्या उभ्या करून फ्रीजरमध्ये ठेवलं.

दुपारी कूलरपुढे बसून गोदावरीबाईंनी कुल्फी हातात घेतली. दूध आणि फळ, उपासाला चालतंच. आधी चाटली, मग सरळ चावली.

"बरी झाली," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे प्रशस्तिपत्रच.

श्रावणी आत रिकामा पेला धूत होती, तेवढ्यात सासरे उत्तमराव आले. वकिली सोडून सहा वर्षं झाली, तरी हाती लागेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड गेली नव्हती. ओट्यावरचा कस्टर्ड पावडरचा डबा त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला.

"मक्याचं पीठ हाय यात," ते हळूच म्हणाले. "एकादशीले?"

श्रावणीचा हात नळाखाली तसाच राहिला. माहेरी कुल्फीत दोन चमचे पावडर पडतेच. हात सवयीने गेला होता.

"मी काही पाह्यलं नाही." उत्तमरावांची नजर फ्रीजरकडे गेली. "फक्त एक मले दे."

"बाबा, तुमची शुगर..."

"मंग साक्षीदार बोलन."

देऊन टाकली असती तर प्रकरण तिथंच मिटत होतं. पण मग या घरातल्या प्रत्येक कुल्फीवर सासऱ्यांचा हक्क लागला असता, आणि डॉक्टरची बोलणी तिच्या वाट्याला. श्रावणीने हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली.

"आई, चूक झाली. कुल्फीत कस्टर्ड पावडर पडली, मक्याची. उपास मोडला तुमचा."

गोदावरीबाईंनी काडीला चिकटलेला शेवटचा तुकडा आधी तोंडात घेतला. मग काडी बशीत ठेवली.

"पहिल्या घासातच समजलं मले. इतकी वर्षं रांधून राहिली, मक्याची चव समजणार नाही का?"

"मंग खाल्ली कावून?" मागे येऊन उभ्या राहिलेल्या उत्तमरावांनी विचारलं.

"उद्या अमरावतीले मले चक्कर आली असती, तर इवाईबुवानं, हिच्या बापानं, पाहुणे सांभाळले असते का मले हवा घातली असती?"

श्रावणीने कूलरपुढे बसकण मारली. गार हवा आत्ता कुठे तिच्यापर्यंत पोचली.

"पण एकादशी वाया गेली ना," उत्तमराव म्हणाले. प्रकरण हातचं जाताना दिसत होतं.

"वाया कायले जाईन? बायकोच्या पुण्यात नवऱ्याचा अर्धा वाटा. पस्तीस वर्षं तुमी बसल्या जागी घेतला. आज उरलेला दिवस तुमी धरा." मग श्रावणीकडे वळून, "संध्याकाळच्या पाटवड्या आपल्यापुरत्या कर. यायले भगर अन् ताक."

संध्याकाळी गौरांग बँकेतून आला, तेव्हा बायकोची बॅग दाराशी भरून तयार होती. त्याने एक कुल्फी खाल्ली, श्रावणीने एक, गोदावरीबाईंनी दुसरी. उत्तमराव पाटवड्यांच्या वासात बसून ताकात भगर कालवत होते.

एकूण चार कुल्फ्या खपल्या. एकादशी उत्तमरावांना घडली.